हितसंबंधविषयक निर्बंध, स्थानिक स्वराज्य संस्थांतील

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद, महानगरपालिका इ. संस्थांचे सदस्य, पदाधिकारी व सेवक यांचा त्या संस्थेच्या व्यवहारांत खाजगी आर्थिक लाभ गुंतलेला नसावा, या हेतूने कायद्याने घातलेल्या बंधनांस सामान्यतः हितसंबंधविषयक निर्बंध असे म्हणतात. ज्या सदस्याने रस्त्याच्या कामाची निविदा मंजूर करावयाची, तोच त्या कामाचा कंत्राटदार किंवा कंत्राटदाराचा भागीदार असेल, तर त्याचे कर्तव्य व त्याचा स्वार्थ यांत विरोध निर्माण होतो. हा विरोध उद्‌भवू न देणे हे या निर्बंधांचे प्रयोजन होय.

लाचलुचपतीच्या गुन्ह्याहून ही कल्पना वेगळी आहे. लाचेच्या गुन्ह्यात गैरवाजवी लाभ मागितल्याचे वा स्वीकारल्याचे सिद्ध करावे लागते. हितसंबंधांच्या बाबतीत सदस्याने अप्रामाणिकपणा केला की नाही, संस्थेचे नुकसान झाले की नाही, हे प्रश्न सामान्यतः गौण ठरतात. काम उत्तम झाले व दरही बाजारभावापेक्षा कमी होता, असे सिद्ध झाले तरी सदस्याचे पद वाचत नाही. निर्बंधांचे मुख्य प्रकार तीन : हितसंबंध असलेल्या व्यक्तीस सदस्यत्वास अपात्र ठरविणे (अनर्हता), हितसंबंध उघड करून त्या विषयावरील चर्चेपासून व मतदानापासून दूर राहण्यास सांगणे (प्रकटीकरण व अलिप्तता), आणि हितसंबंध बुद्धिपुरस्सर संपादन करणे हा गुन्हा मानून शिक्षा देणे. या विषयाचा इतिहास मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांतील निवडीचा आणि ‘अप्रत्यक्ष’ या एका शब्दाच्या अर्थाचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : सार्वजनिक पद व खाजगी मालमत्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे गृहीत धरल्यावाचून हितसंबंधांतील विरोधाची कल्पना उद्‌भवत नाही. महाराष्ट्रातील जुन्या ग्रामव्यवस्थेत हा भेद फारसा नव्हता. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण ही वतने होती. ती वंशपरंपरागत असून त्यांची वाटणी होई, ती गहाण पडत आणि विकलीही जात. पदाबरोबर इनाम जमीन, हक्क, मानपान चालत येत. गावाचा वसूल गोळा करणारा पाटील हा त्याच गावातील मोठा जमीनधारक असे आणि त्यात कोणास विसंगती वाटत नसे. कारण पद हेच मालमत्तेचे एक रूप होते. राज्यकर्त्यांना मात्र या व्यवस्थेतील धोका दिसत होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांच्या स्वतंत्र व स्वार्थी वृत्तीविषयी राजाला सावध केले आहे. तथापि त्यावरचा उपाय राजाच्या दक्षतेचा व जरबेचा होता. पदाच्या पात्रतेचा नियम म्हणून तो मांडला गेला नव्हता. स्वातंत्र्योत्तर काळात १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने आणि १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद नष्ट करण्यात आले. पद ही मालमत्ता नसून लोकांनी सोपविलेला विश्वास आहे, हे तत्त्व गावपातळीवर पूर्णपणे लागू होण्यास असा दीर्घ काळ लागला.

इंग्लंडमधील उगम : आज महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या निर्बंधांचे शब्द इंग्लंडमधील कायद्यातून आले आहेत. तेथे १७८२ मध्ये सरकारी कंत्राटदारांना कॉमन्स सभेचे सदस्य होण्यास कायद्याने मनाई करण्यात आली. स्थानिक संस्थांत हे तत्त्व १८३५ च्या नगर निगम अधिनियमाने आले. तत्पूर्वी इंग्लंडमधील अनेक नगर निगम म्हणजे मूठभर सभासदांची बंदिस्त मंडळे होती. रिक्त जागा ती स्वतःच भरीत आणि निगमाच्या जमिनी व घरे अल्प भाड्याने आपल्याच सभासदांना देत. राजनियुक्त आयोगाने या कारभाराची चौकशी केल्यानंतर करदात्यांनी निवडलेल्या परिषदा अस्तित्वात आल्या. ज्या व्यक्तीचा स्वतः अथवा भागीदारामार्फत परिषदेच्या कंत्राटात किंवा नोकरीत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा वा हितसंबंध असेल, ती व्यक्ती परिषदेची सदस्य होण्यास अपात्र राहील, अशी तरतूद त्याच वेळी झाली. मात्र दिवाबत्ती, पाणीपुरवठा किंवा आगीचा विमा यांसाठी परिषदेशी करार करणाऱ्या कंपन्यांचे केवळ भागधारक असलेल्यांना त्यातून वगळण्यात आले. मुख्य नियम कडक आणि त्यालगत अपवादांची यादी, हा साचा तेव्हापासून रूढ झाला.

या नियमाचा हेतू १८८९ मधील ‘नटन विरुद्ध विल्सन’ या प्रकरणात इंग्लंडच्या न्यायालयाने स्पष्ट केला. स्थानिक मंडळाच्या सदस्यास आपले हित व आपले कर्तव्य यांच्या कात्रीत सापडू न देणे हा कायद्याचा उद्देश असून त्याचा अर्थ त्याच दृष्टीने लावला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. पुढे भारतीय न्यायालयांनी या निर्णयाचा वारंवार आधार घेतला.

मुंबई शहर : मुंबईत १८६५ च्या कायद्याने नगरकारभाराची सत्ता एका आयुक्ताच्या हाती एकवटली होती. आर्थिक अव्यवस्थेमुळे १८७१ मध्ये नागरिकांत तीव्र असंतोष निर्माण झाला आणि १८७२ च्या कायद्याने करदात्यांचे प्रतिनिधी असलेली ६४ सदस्यांची महानगरपालिका स्थापन झाली. त्यानंतरचा १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम हा या विषयातील मूलभूत कायदा होय. तो घडविण्यात फिरोजशाह मेहता व काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचा महत्त्वाचा वाटा होता.

या अधिनियमाच्या १६ व्या कलमात इंग्रजी कायद्यातील शब्दयोजना जवळजवळ तशीच घेतलेली आहे. महानगरपालिकेशी केलेल्या, तिने केलेल्या अथवा तिच्या वतीने झालेल्या कोणत्याही कंत्राटात किंवा नोकरीत ज्याचा स्वतः वा भागीदारामार्फत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा वा हितसंबंध असेल, तो नगरसेवक होण्यास व राहण्यास अपात्र ठरतो. मात्र अपवादांची यादी मुंबईच्या परिस्थितीस अनुसरून वाढविण्यात आली. महानगरपालिकेशी व्यवहार करणाऱ्या कंपनीचे भाग धारण करणे. जमिनीचा भाडेपट्टा, विक्री वा खरेदी. महानगरपालिकेस कर्जाऊ दिलेली रक्कम. ज्यात महानगरपालिकेची जाहिरात येते अशा वृत्तपत्रातील हिस्सा. आणि आपण नेहमी ज्या मालाचा व्यापार करतो त्या मालाची ठरीव मर्यादेपर्यंतची प्रासंगिक विक्री, यांमुळे अपात्रता येत नाही.

या अपवादांचे कारण तत्कालीन महानगरपालिकेच्या रचनेत सापडते. तिच्या ७२ सदस्यांपैकी ३६ विभागांतून निवडले जात. १६ शांतता न्यायाधीशांकडून, २ विद्यापीठाकडून व २ व्यापारी मंडळाकडून येत आणि १६ सरकारनियुक्त असत. मताधिकार करदात्यांपुरता मर्यादित होता. साहजिकच सदस्यांत व्यापारी, गिरणीमालक, घरमालक, वकील, वृत्तपत्रांशी संबंधित मंडळी यांचाच भरणा असे. शहराशी कोणताही व्यवहार नसलेला सदस्यच हवा, असा आग्रह धरला असता तर सभागृह भरणेच कठीण झाले असते. म्हणून ज्या संबंधांत सदस्याचा लाभ किरकोळ किंवा दूरचा होता, ते अपात्रतेतून वगळले. परंतु ते अगदी मोकळेही सोडले नाहीत. अशा विषयावर संबंधित सदस्याने समितीच्या कामकाजात भाग घेऊ नये व मत देऊ नये, असे बंधन घातले गेले. आपल्या पक्षकाराच्या वतीने ज्या विषयात व्यावसायिक काम केले असेल, त्यासही ते लागू झाले. अनर्हता व अलिप्तता यांची अशी दुहेरी योजना १८८८ मध्येच मुंबईत झाली होती. शिवाय कंत्राटात बुद्धिपुरस्सर हितसंबंध मिळविणारा नगरसेवक अथवा अधिकारी भारतीय दंड संहितेच्या १६८ व्या कलमाखालील, म्हणजे लोकसेवकाने बेकायदेशीरपणे व्यापार करण्याच्या, अपराधास पात्र मानला गेला. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ रोजी अंमलात आल्यावर हा अपराध तिच्या २०२ व्या कलमात समाविष्ट झाला.

कंत्राटे करण्याचा कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे, ठरीव रकमेवरील कंत्राटांना मान्यता देण्याचा अधिकार स्थायी समितीकडे, अशी या कायद्याने केलेली विभागणी हीदेखील हितसंबंधांना आळा घालण्याची एक संरचनात्मक व्यवस्थाच होय. जो कंत्राट करतो त्यास मंजुरीचा अधिकार नाही आणि जो मंजुरी देतो त्यास कंत्राट करण्याचा अधिकार नाही.

जिल्हे व खेडी : मुंबई इलाख्याच्या इतर भागांत १८७३, १८८४ व १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यांनी नगरपालिकांचा कारभार नियमित केला. लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावानंतर निवडलेल्या सदस्यांचे प्रमाण वाढू लागले आणि त्याबरोबर हितसंबंधांच्या प्रश्नाचे स्वरूपही बदलले. लहान गावातील नगरपालिकेचे व्यवहार मुंबईपेक्षा वेगळे होते. जकातीचा व बाजारफीचा मक्ता, कचऱ्यापासून केलेल्या खताचा लिलाव, दिवाबत्तीचे तेल, रस्त्याची खडी व मुरूम पुरविण्याचे काम ही त्यांच्या उत्पन्नाची व खर्चाची नित्याची अंगे होती. मक्ता घेण्याची ऐपत असलेली कुटुंबे आणि नगरपालिकेत निवडून येणारी कुटुंबे पुष्कळदा एकच असत. त्यामुळे मक्ता दुसऱ्याच्या नावावर व व्यवहार स्वतःचा, हा मार्ग सहजसुलभ होता. कायद्यातील ‘अप्रत्यक्ष’ या शब्दाचे खरे कार्यक्षेत्र येथेच होते.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात मुंबई इलाख्याचे, विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचे आणि मराठवाड्यात हैदराबादचे कायदे चालू होते. जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांविषयीचा १९६१ चा आणि नगरपरिषदांविषयीचा १९६५ चा अधिनियम यांनी या क्षेत्रांत एकसूत्रता आणली. ग्रामपंचायतींचा १९५८ चा अधिनियम व मुंबईव्यतिरिक्त इतर महानगरपालिकांचा १९४९ चा अधिनियम हे पूर्वीचेच चालू राहिले. या सर्व कायद्यांत हितसंबंधविषयक अनर्हतेचे शब्द थोड्याफार फरकाने सारखेच आहेत. १९५८ च्या अधिनियमात ते १४ व्या, तर १९४९ च्या अधिनियमात १० व्या कलमात आढळतात. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून स्थानिक संस्थांस सांविधानिक दर्जा मिळाला. परंतु सदस्यांच्या अनर्हता ठरविण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाकडेच राहिला. त्यामुळे जुनी कलमे तशीच टिकली.

स्थानिक सदस्यावरील हे बंधन आमदार-खासदारांवरील बंधनापेक्षा अधिक व्यापक आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या १९६६ मध्ये घातलेल्या ९ क्रमांकाच्या पूरक कलमानुसार, आपल्या व्यापारधंद्याच्या ओघात संबंधित शासनास माल पुरविण्याचे अथवा शासनाने हाती घेतलेले काम पार पाडण्याचे कंत्राट चालू असेल, तरच विधिमंडळ वा संसद सदस्य अपात्र ठरतो. ग्रामपंचायत सदस्याच्या बाबतीत मात्र पंचायतीच्या आदेशाने झालेल्या कोणत्याही कामातील अप्रत्यक्ष हिस्साही पुरेसा होतो. आमदार प्रत्येक कंत्राटाच्या मंजुरीस हात लावीत नाही. पंचायतीचा सदस्य मात्र निविदा उघडण्यापासून देयक मंजूर होईपर्यंत प्रत्येक टप्प्याजवळ असतो. हा फरक समर्थनीय ठरतो तो यामुळेच.

‘अप्रत्यक्ष’ हितसंबंधांचा अर्थ : सर्वांत अधिक वाद कुटुंबाच्या संदर्भात झाले आहेत. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९२२ च्या नगरपालिका कायद्याखालील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये असे तत्त्व सांगितले, की कायद्याला अभिप्रेत असलेला हितसंबंध आर्थिक स्वरूपाचा असला पाहिजे. केवळ नातेसंबंध किंवा जिव्हाळा म्हणजे हितसंबंध नव्हे. नगरपालिकेशी कंत्राट असणारा वा तिच्या नोकरीत असणारा माणूस सदस्याचा नातेवाईक आहे, एवढ्याने अपात्रता येत नाही. त्या कंत्राटातून वा नोकरीतून सदस्याकडे आर्थिक लाभ पोहोचतो, हे दाखवावे लागते.

या तत्त्वाची दुसरी बाजू गोव्यातील एका प्रकरणात दिसून आली. पंचायत सदस्य असलेल्या स्त्रीच्या पतीकडे कंत्राट होते. गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार विवाहानंतर पति-पत्नींच्या मालमत्तेची सामान्यतः सामाईकी होते. त्यामुळे पतीच्या कंत्राटातील लाभात पत्नीचा हिस्सा कायद्यानेच निर्माण होतो, म्हणून गोवा पंचायत राज अधिनियम, १९९४ खाली ती अपात्र ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. महाराष्ट्रात विवाहामुळे अशी सामाईकी आपोआप होत नाही. तेव्हा तशाच परिस्थितीतील स्त्री सदस्य गोव्यात पद गमावील, परंतु सीमेपलीकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यात तिच्याविरुद्ध आर्थिक लाभाचा स्वतंत्र पुरावा द्यावा लागेल. शब्द सारखे असूनही कुटुंबविषयक कायदा भिन्न असल्याने परिणाम भिन्न होतो. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतील स्त्रियांचे आरक्षण २०११ मध्ये निम्म्या जागांपर्यंत वाढविण्यात आले, हे ध्यानी घेता या प्रश्नाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे.

अतिक्रमण व अनधिकृत बांधकाम यांच्या बाबतीत महाराष्ट्राच्या कायद्याने कुटुंबाचा स्पष्ट उल्लेख केला. महानगरपालिका कायद्यांत नगरसेवकाने स्वतः, त्याच्या पति-पत्नीने अथवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीने अनधिकृत बांधकाम केल्यास अपात्रतेची तरतूद करण्यात आली. ग्रामपंचायत अधिनियमात शासकीय वा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरविणारे उपकलम घालण्यात आले. मूळ अतिक्रमण वडिलांनी वा सासऱ्यांनी केले असेल तर सदस्य जबाबदार ठरतो काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने प्रथम २०१७ मध्ये संकुचित अर्थ स्वीकारला होता. परंतु २०१८ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो अमान्य केला. अतिक्रमित जागेचा उपभोग चालू ठेवणारा सदस्यही अतिक्रमण करणाराच होय, असे त्या पीठाने ठरविले. अतिक्रमण हटविण्याचे कर्तव्य ज्या पंचायतीचे, तिच्याच सदस्याने त्यावर राहावे, ही विसंगती हितसंबंधांच्या मूळ तत्त्वाशी जुळणारीच आहे.

इंग्लंडमधील बदल : ज्या देशातून हा नियम आला, तेथे तो पुढे बदलला. लंडनच्या मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्‌सच्या कारभाराची १८८८ मध्ये चौकशी झाली आणि त्यानंतर १८८९ मध्ये सार्वजनिक मंडळांतील भ्रष्टाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. मात्र १९३३ च्या स्थानिक शासन अधिनियमाने कंत्राटातील हितसंबंधांमुळे येणाऱ्या अनर्हतेऐवजी प्रकटीकरणाची पद्धती स्वीकारली. सदस्याने आपला आर्थिक हितसंबंध सभेत उघड करावा व त्या विषयावर बोलू वा मत देऊ नये, असे ठरले. वास्तुविशारद जॉन पोल्सन यांच्याशी संबंधित प्रकरणांत १९७० नंतर अनेक लोकसेवक गुंतल्याचे उघड झाल्यावर ही पद्धती पुरेशी आहे काय, असा प्रश्न उपस्थित झाला आणि १९७४ मध्ये रेडक्लिफ-मॉड समितीने आचारनियमांची शिफारस केली. २०११ च्या कायद्याने सदस्याच्या तसेच त्याच्या पति-पत्नीच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही अनिवार्य झाली आणि ते दडविणे हा गुन्हा ठरला. इंग्लंडचा प्रवास असा सदस्यास दूर ठेवण्याकडून त्याचे हितसंबंध लोकांसमोर ठेवण्याकडे झाला आहे.

सेवकांवरील निर्बंध : अधिकारी व कर्मचारी यांच्यावरील बंधने काही अंशी मूळ अधिनियमांत व काही अंशी वर्तणूक नियमांत आहेत. जिल्हा परिषद सेवकांसाठी १९६७ चे आणि राज्यशासनाच्या सेवकांसाठी १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. पूर्वपरवानगीवाचून खाजगी व्यापारधंदा करण्यास त्यांत मनाई आहे. सेवकास शिस्तभंगाची कारवाई सोसावी लागते. सदस्याचे पद जाते. परिणामांतील हा फरक त्यांच्या नेमणुकीच्या स्वरूपातून आलेला आहे.

निर्णयाची यंत्रणा : अपात्रतेचा निर्णय कोणी द्यावयाचा, यावर निर्बंधांची परिणामकारकता बरीच अवलंबून असते. मुंबईत हा प्रश्न लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशाकडे जातो. ग्रामपंचायत व नगरपरिषद यांच्या बाबतीत तो जिल्हाधिकाऱ्याकडे जातो व त्यावर अपील करता येते. तक्रार बहुधा पराभूत वा विरोधी गटाकडून येते. तिच्या मुळाशी लोकहित असो वा वैर, पुराव्याचा भार तक्रारदारावर पडतो आणि निकाल लागेपर्यंत सदस्याची मुदत बरीचशी संपलेली असते. हितसंबंधांची नियमित नोंदवही ठेवली जात नसल्यामुळे पुरावा वाद निर्माण झाल्यानंतरच शोधावा लागतो.

समालोचन : अनर्हतेचा नियम समजण्यास सोपा व टाळण्यास अवघड असावा, अशी त्यामागील कल्पना होती. प्रत्यक्षात तो प्रामाणिक माणसास जाचक व चतुर माणसास सुलभ ठरण्याचा धोका राहतो. हजार-बाराशे वस्तीच्या गावात सिमेंटचे दुकान एकच असते व ट्रॅक्टरही मोजकेच असतात. त्या दुकानदाराने पंचायतीत निवडून यावयाचे असेल, तर पंचायतीस माल विकणे थांबवावे लागते आणि पंचायतीस तो तालुक्याच्या गावाहून आणावा लागतो. कायद्याचे काटेकोर पालन करणाऱ्यास हा तोटा सोसावा लागतो. पुतण्याच्या नावाने बिल करणाऱ्यास तो सोसावा लागत नाही. दुसरीकडे, नोंदणीकृत कंपनीचा वा सहकारी संस्थेचा केवळ सभासद असल्याने अपात्रता येत नाही, हा अपवादही आज तपासून पाहण्याजोगा आहे. शासकीय धोरणानुसार कामांचा काही हिस्सा मजूर सहकारी संस्थांसाठी राखून ठेवलेला असतो. संस्था खरोखरीच मजुरांची असेल तर हा अपवाद न्याय्य ठरतो; ती कंत्राटदाराची आडोशाची जागा असेल तर मूळ नियमच निष्फळ होतो.

महाराष्ट्राच्या कायद्याने १८८८ पासून अनर्हता व अलिप्तता ही दोन्ही साधने जवळ बाळगली आहेत. परंतु त्यांपैकी पहिल्याचाच वापर प्रामुख्याने झाला. मोठा व थेट लाभ असेल तेथे अनर्हता कायम ठेवून, लहान व अटळ व्यवहारांच्या बाबतीत पूर्वप्रकटीकरण, जाहीर नोंद व मतदानापासून अलिप्तता यांवर भर देणे, ही जुन्या कायद्यातच बीजरूपाने असलेली दिशा होय. कोणत्या देयकाशी आपल्या प्रतिनिधीचा कोणता संबंध आहे, हे ग्रामसभेस वा नागरिकांस आधीच ठाऊक असेल, तर निर्णयानंतरच्या तक्रारींपेक्षा ते अधिक प्रभावी नियंत्रण ठरू शकते. वतनाच्या काळात पद व मालमत्ता एक होती. निवडणुकीने त्यांची फारकत केली. ती फारकत व्यवहारात टिकविण्याचे काम या निर्बंधांवर सोपविलेले आहे.